लुंगचेच्या कड्याखाली

लाकूड मिळत नव्हतं.

झंस्कारच्या त्या खोऱ्यात, ओढ्याकाठी मुद्दाम लावून जगवलेले विलो सोडले, तर नजर पोचेल तिथवर दगडच होता. चुलीत शेण जळायचं. लाकूड लागायचं ते घराच्या आढ्याला, आणि तेही लांबून घोड्यावर लादून आणलेलं. आम्हाला एका माणसाला अग्नी देता येईल इतकं हवं होतं, आणि लुंगचे गावात घरोघर विचारून झालं तरी ते जमेना.

हुमणेकाका नवांगच्या अंगणात एका सपाट धोंड्यावर बसून होते. पायात कॅनव्हासचे बूट, कानांवरून मफलर, अंगात एस.टी.चा जुना खाकी कोट. देवरुख डेपोतून ते ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. त्याआधी कधी कोल्हापूरच्या पलीकडे गेले नव्हते. मधू, म्हणजे मधुसूदन, त्यांचा थोरला मुलगा. आमच्या भूशास्त्र विभागात तो माझ्या पुढे होता, आम्ही दोघं एकाच गाइडकडे पीएच.डी. करत होतो. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो ह्या गावाच्या वरच्या कड्यावर दगडांचे नमुने आणायला गेला आणि खाली आलाच नाही. जुलैत बर्फ हटल्यावर नवांगला तो कड्याच्या पायथ्याशी सापडला. पोलीस वर जाऊन पंचनामा करून आले. एवढ्या उंचीवरून खाली आणणं शक्य नव्हतं, म्हणून तिथंच अंत्यविधी करायची परवानगी मिळाली. त्यासाठी आम्ही तिघं पुण्याहून आलो होतो. काका, आमचे गाइड डॉ. दिगंबर उपासनी आणि मी.

नवांग मधूचा घोडेवाला. चाळिशीचा, कमी बोलणारा. तो घराच्या मागे गेला आणि त्याच्या दोन भावांनी एकेक करून तुळया बाहेर आणून अंगणात टाकल्या. नवी खोली बांधायची म्हणून त्याने त्या गोठ्यात जपून ठेवल्या होत्या. काकांनी हात जोडले. नवांगने मान दुसरीकडे वळवली. मग तो हिंदीत म्हणाला की त्यांच्यात मयताला बसवून जाळतात, भोवती दगडांची भिंत रचतात, त्यामुळे लाकूड कमी लागतं. जरा थांबून असंही म्हणाला, की तुमचा मुलगा तसाही बसलेलाच आहे.

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसूनच असू दे."

उपासनी सर ह्या सगळ्यात नव्हते. ते अंगणाच्या कडेला पाठमोरे उभे होते आणि वर, कड्याकडे बघत होते. त्या कड्यात एक रेघ होती. खाली चकाकणारा, पट्ट्यापट्ट्यांचा खडक, वर काळपट, निस्तेज थर, आणि मधून उत्तरेकडे उतरत गेलेली ती रेघ, कुणीही बोट ठेवून दाखवावी इतकी स्पष्ट. सर पहिल्यांदा तिथं आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्यांनी काढलेल्या नकाशात त्या रेघेला बारीक त्रिकोणांचे दात होते. आमच्या भाषेत त्या दातांचा अर्थ, एक थर दुसऱ्याच्या उरावर चढला. तो नकाशा पाठ्यपुस्तकांत गेला, आणि सरांचं नाव झालं ते त्या दातांमुळे.

कारगिलहून पदुमला येताना ट्रकमध्ये पुढे जागा असून सर मागे पोत्यांवर बसले होते. मोकळी हवा लागते म्हणाले. त्यामुळे केबिनमध्ये ड्रायव्हर, काका आणि मी. काका सगळ्या वळणांवर ड्रायव्हरच्या हातांकडे बघत होते. पेन्सी-ला ही खिंड उतरलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पोरी, तो करत काय होता, ते मला नीट सांग. घरी आला की सांगायचा. मी हूं हूं करायचो. विचारायची लाज वाटायची."

मी सांगायला लागले. भारताची जमीन कोट्यवधी वर्षं उत्तरेला सरकते आहे आणि तिबेटखाली घुसते आहे. भिंतीशी सतरंजी ढकलली की चुण्या पडतात तशा खडकांना घड्या पडतात, खोलातले थर तुटून वर चढतात, एकावर एक बसत जातात. म्हणून हिमालय उंच. हे शाळेतही शिकवतात, उपासनी सरांनी जन्मभर हेच शिकवलं, आणि हे खरंच आहे. पण मधू म्हणायचा की एवढ्यानं भागत नाही. डोंगर चढत चढत एका उंचीला पोचला की त्याचं वजन त्यालाच झेपेनासं होतं. पोटात, पंधरा-वीस किलोमीटर खोल, खडक तापून मऊ झालेला असतो, तो भार धरत नाही. मग खाली दाब चालूच राहतो आणि माथा मात्र पसरायला लागतो. ताणला जातो, तुटतो, आणि वरचा थर तिबेटच्या बाजूला खाली घसरतो. डोंगर अजून वाढतो आहे आणि त्याच वेळी वरून सुटतोही आहे.

काकांना ते पटेना. दोन्हीकडून दाबल्यावर ताण कुठून येणार, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना मधूचंच उदाहरण दिलं. पिकलेला रायवळ आंबा दोन्ही हातांनी दाबला की बाठा सुळकन बाहेर येतो. तुम्ही नुसता दाबच दिलेला असतो, पण पुढे निघालेल्या बाठ्याच्या मानाने वरची साल मागे राहते, मागे सरकते. हिमालयाच्या पोटातला मऊ खडक तसा दक्षिणेकडे बाहेर पिळला गेला आणि त्याच्या पाठीवरची साल उत्तरेकडे घसरली. लुंगचेच्या कड्यातली ती रेघ म्हणजे साल सुटल्याची जागा, असं मधूचं म्हणणं.

"हे मला सांगितलं होतं त्यानं," काका म्हणाले. "मी म्हटलं, आधी आंबा खा."

विभागातल्या चर्चासत्रातही मधूने हेच केलं होतं, खराखुरा आंबा आणून. बाठा निसटला आणि रस सरांच्या नकाशावर उडाला. सगळे हसले. सरांनी खिशातून रुमाल काढून नकाशा पुसला आणि पुढच्या मुलाला उभं केलं.

त्यानंतर मधूने आधीच्या उन्हाळ्यात आणलेल्या दगडांच्या स्लाइड मी कापल्या. दगडाचा इतका पातळ काप करायचा की त्यातून उजेड आरपार जावा, आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्या खडकात पांढऱ्या खनिजाचे टपोरे दाणे होते, डोळ्यांसारखे, आणि प्रत्येक डोळ्याला दोन बाजूंना शेपट्या ओढलेल्या होत्या. चुना लावून तंबाखू मळताना तिचा तुकडा ज्या बाजूला घासला जातो त्या बाजूला त्याची शेपटी लांबते, तसंच हे. शेपट्या कुठं वळल्या आहेत ते बघितलं की वरचा थर कुठल्या दिशेनं गेला ते कळतं. मला त्या मधू म्हणतो तशाच दिसल्या आणि मी त्याला तसं सांगितलंही. सरांनी एक अख्खी दुपार सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. संध्याकाळी ते म्हणाले की हे दगड पायथ्याच्या खडकाचे आहेत, घसरून फिरलेले असू शकतात, ह्यावर काही ठरवता येणार नाही. प्रत्यक्ष कड्यातून, रेघेच्या लगत, दिशा नोंदवून नमुने आणले तरच प्रबंधावर सही करीन. मधूची शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. तो ऑक्टोबरात निघाला.

ती अट काकांना माहीत होती. मधू निघताना देवरुखला जाऊन आला होता, तेव्हा त्यानेच सांगितलं होतं. ट्रकमध्ये काका एवढंच म्हणाले, "गुरूनं आण म्हटल्यावर आणायलाच हवं." त्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटलं, ते सरांना दोष देत नाहीयेत. आणि सरांनाही मी मनातून दोष देत नव्हते. जाणकार माणसाला शंका आली, त्याने पुरावा मागितला. आमच्या कामात ह्यात वावगं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चढायला लागलो. गवत होतं तिथपर्यंत घोडे आले. पुढे तुळया माणसांच्या खांद्यांवर. काका हळू पण न थांबता चढत होते. सरांचा श्वास लागत होता. सारखे ते दगडाला हात लावून उभे राहायचे, मी पाणी पुढे केलं की नको म्हणायचे. नवांगने मला वाटेत सांगितलं की मधू वर गेला त्या दिवशी हवा सकाळी स्वच्छ होती. दुपारी बर्फ पडायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत वाट बंद झाली. तो खालच्या तळावर चहा करून थांबला होता. नंतर दोनदा वर जायचा प्रयत्न केला, कंबरेएवढ्या बर्फातून परत फिरावं लागलं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

कड्याखाली त्याने दगड रचून ठेवले होते, जनावरं येऊ नयेत म्हणून. भावांनी ते एकेक करून बाजूला काढले.

मधू खडकाला पाठ टेकून बसलेला होता. थंड, कोरड्या हवेनं त्याला फारसं बिघडवलं नव्हतं, नुसतं वाळवलं होतं. निळं जर्किन ओळखू आलं. उजवं पाऊल घोट्यापासून भलतीकडे वळलेलं. तो पडला होता, पण कडा उतरून झाल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यावर. आणि पाठीवर सॅक होती. खडकाला टेकलेली पाठ म्हणजे खरं तर सॅकच होती. पोलिसांनी ती उघडून, दगडच आहेत असं बघून, पुन्हा बंद केली होती.

काका त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी आधी त्याच्या गालाला हात लावला, मग केसांना. मग खांद्यावरचे पट्टे सोडवायला लागले. पट्टे आकसून कडक झाले होते. नवांगने चाकू काढून दिला तर काकांनी तो घेतला नाही. बोटांनीच, तोंडाची वाफ देत देत, त्यांनी एक पट्टा सोडवला, मग दुसरा. आम्ही सगळे उभे होतो आणि कुणालाच मदतीला वाकता येत नव्हतं. सॅक निघाली तेव्हा ती त्यांच्या हातातून धप्पकन खाली गेली.

"एवढं वजन," काका म्हणाले. "टाकलं का नाय त्यानं?"

 काकांनी स्वतःच सॅक उघडली. आत दगड होते, टॉवेलात, बनियनमध्ये, पायमोज्यांत गुंडाळलेले. प्रत्येकावर काळ्या शाईनं बाण, उत्तर कुठं आणि उतार कुठं ते दाखवणारे. काकांनी एक दगड काढून हातात फिरवून बघितला आणि सरांपुढे धरला.

"ह्याच्यासाठी आला होता ना? बघा."

सरांनी चष्मा वर सारला, गळ्यातलं भिंग डोळ्याशी नेलं आणि दगड उजेडाकडे तिरका धरला. मी शेजारीच होते. मला भिंगाची गरज नव्हती. दगडाच्या तुटलेल्या बाजूवर पांढरे डोळे नुसत्या नजरेला दिसत होते, आणि शेपट्या सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. सरांनी तो ठेवला, दुसरा घेतला. मग तिसरा. सगळे बघून झाल्यावर त्यांनी पहिला पुन्हा हातात घेतला. वारा सुटला होता. नवांगचे भाऊ दगडांची भिंत रचायला लागले होते, त्याचा आवाज येत होता.

"काय दिसतं त्यात?" काकांनी विचारलं.

"वरचा थर उत्तरेकडे खाली सरकलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मधूचं बरोबर होतं."

काकांनी मान हलवली. मुलाकडे वळून बघितलं. मला वाटलं, झालं, एवढंच ऐकायला हा माणूस इतक्या लांब आला होता, आणि सरांनी ते त्याला दिलं. सरांबद्दल मला त्या क्षणी आदरच वाटला. तीस वर्षांचं आपलं म्हणणं एका वाक्यात खाली ठेवणं सोपं नव्हतं.

मग काकांनी विचारलं, "हे तुम्हाला आत्ता कळलं?"

सर हो म्हणाले असते तर ते तिथंच संपलं असतं. खोटं आहे हे कुणालाही कधी कळलं नसतं, मलाही नाही. सरांनी भिंग मिटून खिशात ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "सप्टेंबरातच कळलं होतं. ह्या मुलीनं स्लाइड कापून दिल्या त्या दुपारी."

मला ते वाक्य समजायला वेळ लागला. काकांना लागला नाही. ते नुसते वाट बघत राहिले, आणि सर बोलत गेले, खालच्या आवाजात, वर्गात बोलायचे तसेच सावकाश. त्यांचं पुस्तक छपाईला गेलं होतं. जन्माचं काम होतं ते, आणि त्यात ह्या कड्याबद्दल उलटं लिहिलेलं होतं. परदेशातही काहीजण मधूसारखं म्हणू लागले होते, ते त्यांनी वाचलं होतं. त्यांना एक वर्ष हवं होतं. पुस्तक बाहेर पडावं, आणि मग दुसऱ्या आवृत्तीत आपणच ते दुरुस्त करावं, आपल्याच हातानं. मधूचा प्रबंध तेवढा मागे राहिला असता तर पुरे होतं. थंडी तोंडावर आली होती. तो पुढच्या उन्हाळ्यातच जाईल असं त्यांना वाटलं.

"तो थांबणारा नव्हता," काका म्हणाले.

"नाही."

"ठाऊक होतं तुम्हाला."

सरांनी मधूच्या वळलेल्या पावलाकडे बघितलं. मग म्हणाले, "होतं."

नवांगला मराठी येत नव्हतं, पण तो खांद्यावरची तुळई तशीच धरून थांबला होता.

काका उठले नाहीत, ओरडले नाहीत. ते मधूशेजारी खडकाला टेकून बसले, जवळजवळ तसेच, पाय पुढे सोडून. बोलले तेव्हा सरांकडे बघत नव्हते, समोर खोऱ्याकडे बघत होते.

"तो चुकला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "त्याच्यावर रागावलो असतो. कशाला गेलास मरायला, म्हटलं असतं, रडलो असतो, आणि घरी गेलो असतो. पोरावरचा राग काय, दोन वर्षांत विरतो. आता तुमच्यावर रागवायचं म्हणजे तुम्हाला घरी घेऊन जायचं. जेवताना तुम्ही, झोपताना तुम्ही. माझं घर लहान आहे ओ, सर."

 सर म्हणाले की मी खाली तळावर जाऊन थांबतो, इथं मी नको.

"नाय," काका म्हणाले. "थांबा. भिंत रचायला माणसं कमी आहेत."

म्हणून सरांनी दगड वाहिले. नवांगचे भाऊ रचत होते, सर आणून देत होते. थोडं चाललं की छाती धरून उभे राहायचे, पण कुणी त्यांना बस म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. भिंत कंबरेएवढी झाल्यावर आत तुळयांचे तुकडे आणि शेण रचलं. मधूला बसता ठेवूनच आत नेलं. काकांनी, नवांगनं आणि मी धरलं. चौथा हात लागत होता. काकांनी सरांकडे बघितलं आणि मान हलवून बोलावलं. सर आले आणि त्यांनी मधूचं ते वळलेलं पाऊल हातात घेतलं.

एवढ्या उंचीवर आग नीट धरत नाही. रॉकेल ओतलं, नवांगच्या आईनं दिलेलं लोणी घातलं, तरी ज्वाळा उठायच्या आणि बसायच्या. धूर खाली खाली पसरायचा. काकांना मंत्र येत नव्हते आणि त्यांनी कुणाला म्हणायला सांगितलेही नाहीत. नवांग त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. मध्येच काकांनी मला विचारलं की मधू तिथं बसला होता तेव्हा त्याला जायला फार वेळ लागला असेल का. मी म्हटलं, थंडीत झोप येते काका, काही कळत नाही. ते मला खरंच माहीत नव्हतं. ऊन उतरायला लागलं तेव्हा भिंतीच्या आत फक्त लाल निखारे उरले होते. काका त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले, कोटाची बाही चेहऱ्यापुढे धरून. राख निवेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. अस्थी त्यांनी स्वतः वेचल्या आणि मधूच्याच टॉवेलात बांधल्या.

दगड मात्र कसे न्यायचे ते कुणाला कळेना. काकांनी त्यांच्याकडे पुन्हा बघितलंही नव्हतं. शेवटी सरांनी ते सॅकमध्ये भरले आणि सॅक पाठीला लावली. नवांग घोड्यावर टाकायला सांगत होता, त्यांनी ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर ते सगळ्यांच्या मागे, खूप अंतर ठेवून येत होते. त्या प्रवासात काका त्यांच्याशी एकदाही बोलले नाहीत आणि एकदाही वाईट वागले नाहीत. चहाचा पेला आला की आधी त्यांच्यापुढे सरकवायचे.

पुण्यात आल्यावर सरांनी पुस्तक छापखान्यातून मागे घेतलं. मी त्या दगडांच्या स्लाइड कापल्या. पुढचं वर्षभर सर आणि मी मधूचं काम नीट मांडत बसलो, आणि तो शोधनिबंध एका चांगल्या परदेशी नियतकालिकात आला. लुंगचेच्या कड्यातली ती रेघ म्हणजे ताणानं पडलेला भ्रंश आहे, हिमालय घडत असतानाच त्याचा माथा सुटत होता, हे त्यात पुराव्यानिशी होतं. सरांचा जुना नकाशा चुकीचा, हेही स्वच्छ लिहिलं होतं. लेखक म्हणून एकच नाव होतं, मधुसूदन अर्जुन हुमणे. माझं नाव आभारात. सरांनी स्वतःचं कुठंच येऊ दिलं नाही. विभागात सगळे भारावून गेले. एवढ्या मोठ्या माणसाचं मन बघा, म्हणाले. सरांनी त्याच वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कड्याखाली काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर ते सरांनी सांगावं, असं मला वाटायचं. म्हणून मीही गप्प राहिले.

अंक आल्यावर मी तो घेऊन देवरुखला गेले. काका ओटीवर बसले होते. आधीपेक्षा वाळलेले दिसले. मी त्यांना पान उघडून दिलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण मुलाचं नाव कुठं आहे ते त्यांना माझ्याआधी दिसलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, अक्षरं मोजल्यासारखं. आत काकूंना हाक मारून दाखवलं. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग त्यांनी विचारलं, "सरांचं नाव कुठाय?"

मी म्हटलं, "नाही त्यात. सरांनी मुद्दाम घातलं नाही, काका. सगळं श्रेय एकट्या मधूला दिलं."

 काकांनी एक पान उलटलं, पुन्हा मागे आले.

"तो तिथं एवढ्या थंडीत का गेला होता, ते लिहिलंय ह्यात?"

"नाही."

"कुणी धाडलं ते?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी अंक मिटला आणि माझ्या हातात परत दिला.

"म्हणजे सुटले ते," काका म्हणाले.